जॉली बॉय बेट, अंदमान: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी एका दिवसाच्या फेरीची तयारी

खिंडसी

हॅवलॉक आणि नील या अंदमानातल्या बेटांवर आपल्या नागपूरकरांचे धागे भरपूर झाले. जॉली बॉयची माहिती मात्र तुकड्यातुकड्यांत पडली आहे आणि अर्धवट ऐकून निघालेली माणसं, बोट जिथून सुटते त्या वांडूरच्या जेट्टीवरून परत फिरतात. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी भर घालावी.

हे बेट दक्षिण अंदमानच्या नैऋत्येला, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान १९८३ सालचं, क्षेत्र सुमारे २८१ चौरस किलोमीटर. बेटावर वस्ती नाही. हॉटेल, टपरी, नळ, वीज यातलं काहीही नाही, बोट लागायला धक्कासुद्धा नाही. जे लागेल ते सोबत न्यायचं आणि नेलेलं सगळं परत आणायचं. बाकीची सगळी तयारी या एका गोष्टीवरून ठरते.

चार गोष्टी आधी तपासा, मग तिकिटं काढा:

१. हंगाम. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर मध्यापासून मे मध्यापर्यंत उघडं असतं. उरलेल्या काळात ते बंद ठेवून त्याच उद्यानातलं रेड स्किन बेट उघडतात. प्रवाळाला विसावा मिळावा म्हणून ही आळीपाळी आहे.

२. वार. सोमवारी बंद.

३. परवाना. उद्यानात शिरायला वनखात्याचा परवाना लागतो आणि बोटीचं तिकीट वेगळं असतं. दोन्ही कामं आदल्या दिवशीपर्यंत पोर्ट ब्लेअरमध्येच उरका. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. रोजची संख्या मर्यादित असते, त्यामुळे सकाळी थेट वांडूरला जाऊन बघू हा बेत नको.

४. प्लास्टिक. वांडूरला पिशव्या उघडून तपासतात. यावर खाली सविस्तर येऊ दे.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आहे. कागदपत्रांवर आणि नकाशात दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

वर्धा_रोड

नागपूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळुरू यांपैकी कुठेतरी बदलावंच लागतं. शक्यतो पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं असली आणि नागपूरचं विमान थंडीच्या धुक्याने उशिरा निघालं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही. स्वस्तात करायचं असेल तर रेल्वेने चेन्नईला जा आणि तिथून विमान घ्या. आपण दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर आहोत, गाड्यांची कमी नाही. फक्त गाडी पोहोचण्याची वेळ आणि विमान यांत एक रात्र मोकळी ठेवा.

जॉली बॉय पहिल्या दिवशी ठेवू नका, कारण परवाना काढायला एक कामाचा दिवस लागतो. शेवटच्या दिवशीही नको. हवामान बिघडलं की बोटी बंद होतात आणि मग बदली दिवस उरत नाही. पाच दिवसांची सहल असेल तर दुसरा किंवा तिसरा दिवस.

दक्षिणायन

वेळेचा हिशोब नागपूरकरांचा हमखास चुकतो, म्हणून लिहितो. घड्याळ एकच आहे, सूर्य वेगळा आहे. नागपूर सुमारे ७९ अंश पूर्व रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळपास ९३ वर. अंशाला ४ मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा साधारण ५५ मिनिटं पुढे चालतो. डिसेंबरअखेर नागपुरात पावणेसातला उजाडतं, तिथे साडेपाच-पावणेसहाला. संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडालेला असतो.

याचे दोन परिणाम. एक, बोटी सकाळी साडेआठ-साडेनऊच्या सुमारास सुटतात आणि शहरातून वांडूर गाडीने तासाभरावर आहे. तपासणी आणि रांग धरून पावणेसातला हॉटेल सोडा. दोन, डोक्यावरचं ऊन तिथे बाराला नाही, सव्वाअकरा ते साडेअकराला असतं. म्हणजे तुम्ही नेमके बेटावर असता तेव्हा. "अकराच वाजले आहेत, आत्ता कुठे ऊन लागतं" असं म्हणून टोपी बॅगेत ठेवली की पाठ भाजलीच म्हणून समजा. अक्षांशही साडेअकराच आहे, त्यामुळे जानेवारीचं ऊनसुद्धा आपल्या मार्चसारखं चढतं.

मानेवाडा_चौक

छान धागा जी. आम्ही सात जणं जाऊन राहिलो. त्यात आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, आणि दोन पोरं, ५ आणि ९ वर्षांची. धक्का नाही म्हणता, मग उतरायचं कसं? आईला नेऊ की हॉटेलवरच ठेवू?

खिंडसी

@मानेवाडा_चौक भाऊ, उतरण्याची पद्धत अशी. मोठी बोट वांडूरहून तासाभरात बेटाजवळ येते आणि थोड्या खोल पाण्यात थांबते. किनाऱ्यावर नेता येत नाही, कारण खाली प्रवाळ आहे. मग काचेच्या तळाची छोटी होडी तिला येऊन चिकटते. मोठ्या बोटीच्या काठावरून त्या हलत्या होडीत पाय टाकायचा, आत बाकावर बसायचं, आणि किनाऱ्याशी आलं की शिडीवरून किंवा काठावरून उथळ पाण्यात उतरायचं. परत येताना हेच उलटं.

म्हणजे गुडघा वाकवून पाय उचलणं चार वेळा येतं, त्यातलं दोनदा हलत्या जागी. आई घरचा जिना कठडा धरून, न थांबता चढत-उतरत असतील तर जमेल. होडीवाले हात देतात. त्यांच्या हाताला धरू नका, मनगटाला धरा. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही. दोन्ही होड्यांवर एकेक पाय ठेवून थांबायचं नाही. लाट आली की होड्यांमध्ये फट पडते. होडी वर आली त्या क्षणी पाऊल टाकायचं.

जिना जमत नसेल तर त्यांना वांडूरपर्यंतही नेऊ नका, तिथे तुमची वाट बघत चार-पाच तास बसावं लागेल.

पोरांसाठी लाइफ जॅकेट अंगावर चढवून बघा. खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलं आणि जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं, तर ते मोठं आहे, बदलून मागा. मांडीखालून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे.

पुडाची_वडी

आता प्लास्टिकचा भाग मी घेते. तपासणीत काय अडतं: पाण्याच्या बाटल्या, चिप्स-बिस्किटांची पाकिटं, कॅरी बॅग, चॉकलेटचे कागद, झिप पाऊच, डिस्पोजेबल चमचे. वांडूरला पाण्याच्या बाटल्या अनामत रकमेवर मिळण्याची सोय असते. बाटली परत केली की पैसे परत. पण सात जणांचं पाणी त्या भरवशावर ठेवू नका. घरूनच स्टीलच्या बाटल्या न्या. माणशी २ लिटर हिशोब धरा: येता-जाता १, बेटावर १. पोरांना प्रत्येकी दीड. रिकाम्या बाटल्या विमानात चालतात, तिथे हॉटेलवर भरायच्या.

खाणं स्टीलच्या डब्यात, डब्यात पसरलेला सुती पंचा, त्यात जिन्नस. नागपूरहून नेण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यात भरवशाच्या. मोहन थोडं जास्त घालून, पूर्ण थंड करून भरल्या तर दोन-तीन दिवस टिकतात. गरम असताना झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी चिकट होतात. दशम्या चालतील, पण पीठ दुधात भिजवलेलं असेल तर दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवू नका. पुडाची वडी मात्र प्रवासाच्या दिवशीच संपवा. आतल्या सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, ओलावा असतो, अंदमानच्या दमट हवेत ती टिकत नाही. चिवडा न्यायचा तर घरचा, डब्यात ओतलेला, दुकानाचं पाकीट नको. माणशी चार-पाच पुऱ्या, कोरडी चटणी आणि गुळाचा खडा एवढं पुरतं. पोहणाऱ्याने पोट गच्च भरून पाण्यात जाऊच नये.

ओआरएसची पुडी अडते, कारण ती प्लास्टिक-फॉइलची. हॉटेलवरच पाण्यात मिसळून न्या. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट घ्या, शीग नको. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी त्रास होतो.

सॅनिटरी पॅड लागणार असेल तर वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणायला एक झाकणाचा छोटा स्टीलचा डबा वेगळा ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. डबा नसला की मग जागा शोधत फिरावं लागतं.

गोकुळपेठी

संत्री नेली तर चालतील न ताई? साल तर कुजून जातं, त्याचं काय प्लास्टिक होते का.

पुडाची_वडी

@गोकुळपेठी न्या, खा, पण साल आणि बिया डब्यात परत. कुजतं म्हणून टाकलं तर बाहेरचं बी त्या मातीत जातं आणि खरकट्यावर उंदीर वाढतात. उंदीर पक्ष्यांची अंडी खातात.

पेंच_सिल्लारी

याला जोडून सांगतो, कारण आपल्याला हे उदाहरण लवकर समजेल. पेंच-ताडोबात आपण चितळ बघून खूश होतो. अंदमानात चितळ मुळात नव्हतंच, ब्रिटिशांनी नेऊन सोडलं. तिथे ना वाघ, ना बिबट, ना रानकुत्रा. चितळं बेटामागून बेट वाढत गेली आणि जंगलाची कोवळी रोपं खाऊन पुढची पिढी उगवू देत नाहीत. बेटावर बाहेरून आलेली गोष्ट छोटी आहे की मोठी, याला महत्त्व नसतं. तिला आवरणारं तिथे काही नसतं, नुकसान तिथून होतं.

भांगाची_भरती

तारीख निवडताना तिथी बघा. धाग्यात हे अजून आलं नाही आणि बेटावर काय दिसेल ते यावरच अवलंबून आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास, खरं तर तिच्यानंतर एक-दोन दिवस, भांगाची भरती असते, म्हणजे चढ-उतार कमी. नवख्यांसाठी भांगाचे दिवस चांगले. प्रवाह मंद, वाळू कमी ढवळते, पाणी नितळ राहतं.

उधाणाच्या दिवशी तुमच्या दोन-तीन तासांत नेमकी ओहोटी आली तर प्रवाळ पाण्याच्या वर डोकावतो. काचेच्या तळाची होडी आत येऊ शकत नाही, तुम्हाला लांबून चालत यावं लागतं, आणि पोहणाऱ्यांचे गुडघे प्रवाळावर घासतात. माणूस सोलवटतो आणि वर्षांनी वाढलेली फांदी एका पायाने मोडते.

कोकणातला "तिथीची पाऊणपट" हा भरतीचा हिशोब इथे लावू नका. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक ऑनलाइन मिळतं, त्यात तुमच्या तारखेला सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत पाणी कुठे असेल ते बघा. भरतीच्या आधीचे दोन तास सगळ्यात चांगले. एक दिवस पुढे सरकलात तर वेळ साधारण ५० मिनिटं पुढे जाते. म्हणजे तीन दिवसांनी जवळपास अडीच तासांचा फरक. सहलीचे दिवस मागेपुढे करता येत असतील तर हाच हिशोब करून करा.

वर्धा_रोड

@भांगाची_भरती, मान्य. पण कुटुंबाची सहल विमानाच्या दरावर आणि शाळेच्या सुट्टीवर ठरते, तिथीवर नाही. सहलीच्या आतल्या दिवसांची अदलाबदल करता येते, तेवढं करावं.

भांगाची_भरती

बरोबर. पाच दिवसांत सोमवार आणि पहिला-शेवटचा दिवस गेला की दोन-तीन उरतात. त्यांतून निवडा एवढंच म्हणणं आहे.

अंबाझरी_पट्टीचा

स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, करणाऱ्यांसाठी. नागपुरात तरणतलाव आहेत, मास्क लावून तोंडाने श्वास घेण्याचा सराव इथेच कमरेएवढ्या पाण्यात करून जा. समुद्रात पहिल्यांदा शिकायला गेलात तर दोन तासांतला एक तास खोकण्यात जातो.

मास्कची परीक्षा: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. केस आत अडकले, टिकली राहिली किंवा मिशी जाड असली की कडेने गळतो. मिशीवर किंचित व्हॅसलीन लावलं की गळती कमी होते. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क आधीच घेऊन ठेवा.

काच धुक्याने भरते ती आतल्या उबेमुळे. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब हॉटेलवरच आतून चोळा आणि पाण्याने हलकं खंगाळा. काच घासून पूर्ण कोरडी केली तर परिणाम जातो.

पाण्यात पाय खाली सोडून उभं राहायचं नाही. दमलात तर पाठीवर वळा. खारं पाणी तलावापेक्षा जड असतं, त्यावर जॅकेटसह सहज तरंगता येतं. नेमून दिलेल्या भागाच्या बाहेर जायचं नाही. बेटांमधल्या खाडीत भरती-ओहोटीचा ओढा असतो आणि किनाऱ्यावरून तो दिसत नाही.

मानेवाडा_चौक

सनस्क्रीन कोणतं घेऊ? आणि मगरीचं जे ऐकून राहिलो ते खरं आहे का?

खिंडसी

मगरीचं खरं आहे. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, तिची मुख्य जागा खारफुटीच्या खाड्या. वांडूरच्या किनाऱ्यावर तशा पाट्या आहेत. बोटीची वाट बघताना "जरा पाय भिजवून येतो" म्हणून वांडूरला पाण्यात उतरू नका, जाळीने बंद केलेला भाग सोडून तर नाहीच. जॉली बॉयवर रक्षक जिथे सांगतात तेवढ्याच पट्ट्यात पाण्यात जा.

दक्षिणायन

सनस्क्रीनमध्ये ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन नावं मागच्या बाजूला बघा. ही प्रवाळाला अपायकारक धरली जातात. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या आणि पाण्यात जाण्याआधी १५-२० मिनिटं लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा घट्ट नायलॉनचा टी-शर्ट आणि पोटरीपर्यंतची लेगिंग. मग क्रीम फक्त चेहरा, मान आणि पायांच्या वरच्या बाजूला लागतं. स्नॉर्कलिंग करणाऱ्याची पाठ आणि पोटऱ्या सगळ्यात जास्त भाजतात, तो भाग कापडाने झाकलेला बरा.

मेडिकल_चौक

बोट लागण्याबद्दल. वांडूर ते जॉली बॉय वाट बेटांच्या आडोशाने जाते, हॅवलॉकच्या मोकळ्या समुद्राइतकी हेलकावत नाही. तरी ज्यांना मेळघाटच्या वळणांवर गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. बोटीच्या मध्यावर बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. मागे डिझेलचा धूर येतो, तिथे बसू नका. रिकाम्या पोटीही त्रास होतो, दोन बिस्किटं किंवा एक केळं खाऊन निघा.

प्रवाळाचं खरचटणं साधं दिसतं पण सडतं, कारण आत बारीक कण आणि जंतू राहतात. पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, चिमट्याने कण काढा, मग जंतुनाशक लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी बघून घ्या. जेलीफिश लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी टाकू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर लगेच रक्षकाला सांगा, बोट निघेपर्यंत थांबू नका.

आणि मानेवाडा_चौक भाऊ, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पूर्ण पट्टी नेऊ नका. त्या दिवसाचे डोस छोट्या स्टीलच्या डबीत, कापसात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर गुळाचा खडा त्यांच्या स्वतःच्या हाताशी हवा, दुसऱ्याच्या बॅगेत नको.

गोकुळपेठी

आमच्या पोरांच्या शाळेला सुट्ट्या एप्रिलच्या मध्यानंतर लागतात. मे मधे गेलं तर?

भांगाची_भरती

मेचा पहिला आठवडा ही कड समजा. बेट मध्यावर बंद होतं आणि मोसमी पाऊस अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन ठेपतो, त्याच्या आधीपासून समुद्र खवळायला लागतो. शिवाय एप्रिल-मे मध्ये पाणी सगळ्यात तापलेलं असतं. २०१० साली त्याच महिन्यांत इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला होता. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आतली रंगीत शेवाळं बाहेर टाकतो, अन्नाचा मुख्य पुरवठाच बंद होतो. पाणी लवकर थंड झालं तर तो सावरतो, नाही तर मरतो. अशा ताणलेल्या प्रवाळाला पाय किंवा पायात घातलेला पोहण्याचा पंखा लागणं जास्त महागात पडतं. निवड असेल तर डिसेंबर ते मार्च.

पेंच_सिल्लारी

एक राहिलं. शंख, शिंपले, प्रवाळाचे वाळलेले तुकडे उचलू नका, मेलेलेही नाहीत. दगडी प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, अनेक शंखांनाही. परतीच्या विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात. पोरं खिशात टाकतात आणि मोठ्यांना पत्ता नसतो, म्हणून बेटावरून निघताना त्यांचे खिसे आणि चपलांच्या पिशव्या बघा. उद्यानात तर वाळूसुद्धा जागेवर राहू द्यायची.

मानेवाडा_चौक

ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी, नेली तर अडवतील का? मोबाइल भिजला तर पंचाईत. आणि तिथे नेटवर्क?

खिंडसी

नेटवर्क बेटावर धरून चालू नका. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून शहरात इंटरनेट बरं झालं आहे, पण उद्यानात त्याचा उपयोग नाही. परवान्याची कागदी प्रत, ओळखपत्रं आणि थोडी रोख एका कापडी पिशवीत ठेवा. काचेच्या तळाच्या होडीची जास्तीची फेरी आणि स्नॉर्कलिंगचं साहित्य यांचे पैसे वेगळे लागतात. गाडीवाल्याशी परतीची वेळ आणि जागा वांडूर सोडण्याआधी बोलून ठरवा.

ड्राय बॅग ही पुन्हा वापरायची वस्तू आहे. त्यांची नजर टाकून देण्याच्या प्लास्टिकवर असते. तरी शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. वाद घालत बसलात तर मागची रांग आणि बोट दोन्ही थांबतात. अडवलीच तर मोबाइल सुती पंचात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. जेवण संपल्यावर डबे रिकामे होतातच, पण झाकणाला रबरी कडा असलेला एक डबा त्यासाठी कोरडाच ठेवा. पुऱ्यांच्या तेलाच्या डब्यात मोबाइल ठेवू नका.